जास्तीचं एक माप

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात चिंचवडच्या एका रंगाच्या कारखान्यात भीमराजने एक सत्कृत्य केलं, आणि त्यापायी त्याच्या दोस्ताची, मालोजीची, नोकरी जायची वेळ आली.

भिंतीच्या पांढऱ्या रंगात घट्टपणासाठी एक पावडर पडायची, बॅचला एक माप. रंगाचे कण तळाशी बसू नयेत म्हणून भीमराजने कुणाला न विचारता दोन मापं टाकली. बेसन वाढवलं की पिठलं घट्ट होतं, एवढं रसायनशास्त्र त्याला घरीच अवगत झालं होतं.

तिसऱ्या दिवशी पिंपं उघडली, तर वर चार बोटं नितळ पाणी आणि खाली रंगाचा लगदा. रंगात पाणी सोडायचं काम मालोजीचं. झोपेत नळ चालू राहिला, असं मॅनेजरसाहेबांनी जागेपणी ठरवलं आणि त्याला घरी बसवलं. सोमवारी कायमचं काढणार होते.

भीमराज केमिस्ट अर्जुनरावांकडे गेला. "साहेब, पावडर मी जास्त घातली."

"पावडरीने पाणी सुटतं होय रे? दोस्तासाठी खोटं बोलतोस. मोठ्या मनाचा आहेस."

ही थोरवी चहाच्या सुट्टीत कारखानाभर पसरली. जो तो पाठ थोपटू लागला. मालोजीच्या सरूबाईने तर शेवग्याची आमटी पाठवली: "भावजी, तुमच्यासारखं माणूस न्हाई." भीमराजने ती खाल्ली. शेंगा मात्र न चोखता ताटाच्या कडेला ठेवल्या.

शनिवारी त्याने अर्जुनरावांच्या टेबलावर रंगाच्या दोन बरण्या भरून ठेवल्या, पाणी दोन्हीत सारखंच. एकीत एका मापाचा रंग, दुसरीत दोन मापांचा. सोमवारी सकाळी पहिली दुधासारखी होती. दुसरीत वर पाणी.

अर्जुनराव हरखलेच. "अरे, पावडर म्हणजे लांबलचक धाग्यांची गुंतवळं! दोन कण जवळ आले की मधल्या फटीत ती मावत नाहीत. बाहेरची मग दोघांना आत रेटतात. कणांचे पुंजके होतात, खाली बसतात, पाणी वर उरतं!"

"म्हंजे केलं मीच."

"तूच!" अर्जुनराव म्हणाले, बक्षीस जाहीर केल्यासारखं.

दुपारी मालोजी कामावर परतला. भीमराज फाटकाशीच उभा होता.

"चुकलो, भावा."

"पयल्या दिवशी का न्हाई बोललास?"

"बोललो की. केमिस्टसाहेबांला सांगितलं. कुणी ऐकलंच न्हाई."

"आन् मला?"

मालोजीचं घर फाटकापासून पाच मिनिटांवर होतं.

मालोजी मिक्सरकडे निघाला. भीमराज मागून चालला, दहा पावलं सोडून.