गोधडीतला खिसा

तिनं उत्तरांवर तळहात आडवा ठेवला आणि पुस्तिका नवऱ्याच्या नजरेपासून लांब धरली.

"छताच्या जुन्या पत्र्याला भोक पाडण्याआधी काय करायचं?"

"पाडायचंच नाही. आधी साहेबाला विचारायचं, यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे का."

"आणि साहेब म्हणाला, तूच बघून घे?"

"ते पुस्तकात नाही."

"साहेब मात्र तेच म्हणतो."

तो हसला, पण आवाज दाबून. समोर खाटेवर दोन वर्षांची लेक दुपारची झोपली होती. जागेपणी एका जागी ठरत नाही म्हणून तिला भिंगरी नाव पडलं होतं. ती उठली की अभ्यासाचे बारा वाजलेच.

उद्या परीक्षा. इमारतीच्या देखभालीवरच्या सगळ्या कामगारांना तीन दिवस प्रशिक्षण दिलं होतं. पास होईल त्याला कार्ड. कार्ड नसेल त्याला परवापासून फाटकातून आत घेणार नव्हते. नवऱ्याचा हात दहा वर्षं नळांवर आणि वाफेच्या पाइपांवर बसलेला, पण छापलेलं काही डोक्यात राहत नसे. कॉलेज शिकलेली ती, म्हणून मास्तरकी तिच्याकडे आली होती. 'नापास झालात तर' हे शब्द तिनं सकाळपासून चार वेळा गिळले होते.

"हे अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू छातीत गेल्यावर दुखणं दिसायला किती वर्षं लागतात?"

"वीस ते चाळीस." त्यानं हात उडवला. "तोवर मी सत्तरीला. खोकलो तरी लोक म्हणतील, म्हातारा आहे, खोकणारच."

"काहीतरीच बोलू नका."

तिनं पान उलटलं. ते जाड लागलं. दोन पानं बाहेरच्या कडेला टाचलेली होती. तीन पिना, सारख्या अंतरावर.

"ते सोड," तो म्हणाला. "त्यातलं परीक्षेला येत नाही."

"कोण म्हणालं?"

"शिकवणाऱ्या बाई."

तिनं नखानं एकेक पिन उचकटली. तो जमिनीकडे बघत टाचेची साल काढत राहिला.

कामाचे कपडे घरी नेऊ नयेत. ते झटकल्याने तंतू घरच्या माणसांच्या श्वासात जातात. विणीत अडकलेले तंतू साध्या धुण्याने निघतीलच असे नाही.

तिनं ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना ओठ हलत होते.

गेली चार वर्षं रोज संध्याकाळी भिजत घालण्याआधी ती त्याचा शर्ट गॅलरीत झटकायची. दिवस गेले होते तेव्हाही. एक हात पोटावर ठेवून. आणि शर्ट विरले, तेव्हा तिनं टाकले नव्हते.

तिनं खाटेकडे पाहिलं. सहा निळे शर्ट. उसवून, तुकडे जुळवून गोधडी शिवली होती. एका तुकड्यावरचा खिसा मुद्दाम तसाच ठेवला होता. भिंगरी त्या खिशात हात घातल्याशिवाय झोपत नसे. आत्ताही मूठ खिशात होती, गाल कापडावर, तोंड किंचित उघडं.

"कधी कळलं तुम्हाला?"

"पहिल्या दिवशी."

"आज चौथा."

"कार्ड मिळालं की सांगणार होतो. पोरगी नुसती शिंकली तरी तुझी झोप उडते."

"आणि तीन रात्री ती हीच पांघरून झोपली."

"परवा मी शाल घातली होती तिला." तो अजून टाचेकडेच बघत होता. "रडून तिनं घर डोक्यावर घेतलं. तूच म्हणालीस, छळू नका पोरीला, द्या तिची तिला."

म्हणाली होती. वर हसलीही होती.

ती उठली. इस्त्रीशेजारची पाणी फवारायची बाटली घेऊन खाटेजवळ येऊन उभी राहिली.

"पहिलं काय?" तिनं विचारलं. आवाज मघाचाच, मास्तरणीचा.

"हलवायचं नाही." तो उठला. "ओलं करायचं. वरून, हलकं."

"मग?"

"आतल्या आत घडी. दोन पिशव्या, एकीत एक. घट्ट गाठ."

तिनं पायाच्या बाजूनं पाणी मारत आणलं. निळा रंग गडद होत गेला. तो गुडघ्यांवर बसून एकेक घडी आत घेत होता. दहा वर्षांत इतक्या हळू त्याचे हात कधी चालले नसतील. घडी खिशापाशी येऊन थांबली.

"मग?" तिनं विचारलं.

त्यानं करंगळी खिशात सरकवली आणि भिंगरीची मूठ सैल केली. ती कुरकुरली, ओठ मुडपले, आणि तिनं करंगळीच पकडली. तो तसाच वाकून राहिला. गाठ मारायला दोन हात लागतात; गोधडी पिशव्यांत घालून दोन्ही गाठी तिनंच मारल्या. पिशवी दाराबाहेर ठेवली आणि कोपरापर्यंत हात धुतले. मग पुन्हा धुतले.

"पुढचा प्रश्न विचार," तो हळूच म्हणाला. "उद्या जावंच लागणार."

तिनं पुस्तिका उघडली. उघडलं ते मागचंच पान. सवयीनं तळहात उत्तरावर गेला. वीस ते चाळीस.

भिंगरीची दोन आणि वीस. बाविसाव्या वर्षी ती स्वतः लग्न होऊन या घरात आली होती.

"विचार ना."

तिनं तळहात काढला नाही.