ओट्याची उंची

शेषेरावांनी लोह्यात नवं घर बांधलं आणि आतल्या कामासाठी लातूरच्या एका शोरूमचा चकचकीत कॅटलॉग आणून ठेवला. तो बघून त्यांचा जुना सुतार मोहियोद्दीन मिस्त्री धास्तावला. पंचवीस वर्षं या कुटुंबाच्या चौकटी, पलंग त्याच्याच हातचे. पण यंदा काम मागितलं होतं त्याच्या लेकीनं, नांदेडला इंटिरियर शिकलेल्या अलीझानं. तिचं हे पहिलंच काम, आणि होकार द्यायचा होता शेषेरावांच्या बायकोनं, तुळजाबाईंनी. ओळखीच्या घरात पोरीचं हसं होऊ नये, एवढंच तो मनात घोकत होता.

कोऱ्या, सिमेंटच्या स्वयंपाकघराच्या दारात अलीझानं तुळजाबाईंच्या डोळ्यांवर एक जाडजूड काळा व्हीआर चष्मा चढवला. "काकू, ह्याच्यात तुमचं तयार घर दिसंल."

तुळजाबाई थबकल्या. मग त्यांनी दाराशीच चपला काढल्या. "नवी फरशी हाय," त्या म्हणाल्या.

शेषेराव गालात हसले. मोहियोद्दीनला मात्र हसू येईना. समोर नुसत्या भिंती, आणि ही बाई हात पुढं करून न दिसणारी कपाटं चाचपत निघाली होती. खिडकीपाशी त्या थांबल्या. "हितला ओटा बुटका का गं?"

मिस्त्रीनं मान खाली घातली. चुकली पोर. ओटा चौतीस इंचांचा असतो, हे शेंबडं पोरही सांगेल.

"तिथं भाकरी थापून बघा," अलीझा म्हणाली.

तुळजाबाईंचे हात रिकाम्या हवेत गोल फिरू लागले. पीठ नाही, आवाज नाही, तरी भाकरी मोठी होताना दिसत होती. "अगं, हात बरोबर पडून राहिलेत. उंच ओट्यावर खांदा लई भरून येतो माझा. तुला कुणी सांगितलं?"

"मागल्या शुक्रवारी मी तुमच्या कोपराला टेप लावला न्हाई का?"

"मला वाटलं, झंपराचं माप घेऊन राहिलीस."

मोहियोद्दीन थक्क होऊन बघत राहिला. त्यानं या माणसांच्या भिंती मापल्या, दारं मापली; बाईचा कोपर कुठं येतो, हे पंचवीस वर्षांत त्याच्या मनातही आलं नव्हतं.

तुळजाबाईंनी चष्मा काढला तेव्हा डोळे पाणावलेले होते. "ते शोरूमचं पुस्तक वापस देऊन टाका," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

मोहियोद्दीननं कानावरची पेन्सिल काढली आणि सगळ्यांदेखत, शागिर्दानं उस्तादाला विचारावं तसं लेकीला विचारलं, "बोल बेटा. किती इंच?"