मोठाच आण

फोनवर दादाचं नाव दिसलं आणि धाकटा हातातलं काम टाकून उठला. दादा काही फोन करणाऱ्यांतला नव्हता. बाबा गेले तेव्हासुद्धा फोन वहिनीने केला होता, आणि त्यानंतर दोघा भावांचं जे काही बोलणं व्हायचं ते वहिनीच्याच तोंडून. "तुमचे दादा विचारत होते हं तुम्हाला," असं ती दर वेळी म्हणायची. दादा विचारत वगैरे काही नसणार हे धाकट्याला पक्कं ठाऊक होतं, पण बिचारीचं मन कोण मोडणार!

आणि आज थेट दादा. मागे पाण्याचा खळखळाट.

"मोठा गेला," दादा धापा टाकत म्हणाला.

"कोण गेलं?"

"माणूस नाही रे, पंप! बोटीच्या तळातलं पाणी काढणारा पंप. जळला. बोटीच्या पाण्यातल्या पंख्याचा दांडा जिथून बाहेर जातो तिथली पॅकिंग सुटलीय. चिंध्या कोंबल्या तरी पाणी आत येतंच आहे. मी बादलीने काढतोय. बंदरात चिटपाखरू नाही, सगळ्या बोटी बाहेर गेल्यात, आणि बोट उचलणारा क्रेनवाला उगवणार सोमवारी. ते बोटीच्या सामानाचं दुकान तुझ्याच गावात आहे ना? मोठा घे आणि सूट. मोठाच आण. आणि हे बघ, एकदा तरी स्वतःचं डोकं चालवू नकोस."

फोन बंद.

बोट बुडेल ही भीती होतीच, दादाचं घर त्या बोटीवर चालत होतं. पण खरी भीती वेगळी होती. मागच्याच वर्षी दादाच्या छातीत स्टेंट बसवली होती, आणि डॉक्टरांनी त्याला भरलेली बादली उचलायची नाही म्हणून सांगितलं होतं. आता तो बादलीमागून बादली उपसत होता. बोट खाली जायला लागली तर हा माणूस उडी मारून धक्क्यावर येईल? छे! हा बोटीबरोबर खाली जाईल आणि जाताना पाण्यालाही दोन शिव्या घालेल. त्याला बाहेर काढायचा एकच मार्ग होता, तो म्हणजे पंप.

शनिवार होता, दुकान अर्धाच दिवस. दुकानदार शटर ओढत होता तेवढ्यात धाकट्याने ते दोन्ही हातांनी धरलं. धाकटा हे त्याचं घरातलं नाव. अंगाने तो दादाच्या दीडपट होता आणि कुठल्याही दारातून वाकूनच आत जायचा. त्याला बघून दुकानदाराने शटर सोडून दिलं.

"बिल्ज पंप द्या. मोठा."

"मोठा हे काय माप झालं का, साहेब?" दुकानदाराने काउंटरवर दोन खोकी ठेवली आणि उघडली. एक पंप मुठीत मावेल एवढा, दुसरा चांगला पातेल्याएवढा. "छोट्या बोटीला बहुतेक करून हा छोटाच बसतो. पाइप केवढा आहे? जागा केवढी आहे? बॅटरी बारा व्होल्टची का चोवीस?"

"बारा," धाकटा म्हणाला. तेवढं त्याला माहीत होतं. बाबा गाडीची बॅटरी काढून बोटीला लावायचे. बाकीचं दादालाच विचारायला हवं होतं. त्याने दादाला फोन लावला. रिंग वाजून वाजून बंद झाली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. बादली उपसणाऱ्याला तिसरा हात कुठला असणार? शेवटी एकदाचा दादाने उचलला.

"दादा, पाइप केवढा—"

"मोठा रे, मोठा! कानात बोळे घातलेस का? मोठा!"

आणि काहीतरी पाण्यात पडल्याचा आवाज आला.

"असं करा," दुकानदार म्हणाला, "दोन्ही घेऊन जा. जो नको तो सोमवारी आणून द्या."

किती शहाणपणाची गोष्ट! धाकट्याचा हात छोट्या खोक्याकडे गेलासुद्धा. मग तो थांबला. जन्मभर त्याने दादाकडून एकच ऐकलं होतं, तू सांगितलेलं करत नाहीस, मध्ये स्वतःचं डोकं घालतोस. शिकायला गेला तेव्हा हेच, नोकरीसाठी इथे राहिला तेव्हा हेच. आज तो तिकडे जिवाच्या आकांताने ओरडून एक शब्द सांगत होता, आणि आपण दोन खोकी घेऊन जायची? म्हणजे आजही विश्वास नाहीच!

"नको. मोठाच. त्याने मोठाच सांगितलाय."

"हट्टी दिसता."

"मी नाही हो. तो."

रस्ताभर तो शेजारच्या सीटवरच्या खोक्याशी बोलत होता. "पोचू दे रे बाबा. तेवढं पोचू दे." वहिनीचा फोन वाजला, त्याने उचलला नाही. तिला काय सांगणार, की तुझा नवरा तिकडे एकटाच बादल्या उपसतोय?

बंदर खरंच ओस पडलं होतं. धक्क्याला एकच बोट होती, आणि ती शेपटीकडून खाली बसलेली धाकट्याला लांबूनच दिसली. तो धावतच सुटला. इंजिनाच्या झाकणाखालच्या चौकोनी भोकात दादा गुडघाभर पाण्यात उभा होता. शर्ट अंगाला चिकटलेला, ओठ निळसर. बादली भरायची, डोक्याच्या वर उचलायची, फेकायची. निम्मी बादली त्याच्याच अंगावर सांडत होती.

"दादा, बाहेर ये. मी उपसतो."

"तू मावणार आहेस का इथे? आण तो इकडे."

मावणार नव्हताच. धाकट्याने एक खांदा घालून बघितला, दुसरा अडकला. त्याने खोकं खाली दिलं. दादाने ते फाडलं, आतली वस्तू बघितली आणि त्याचा चेहरा असा उतरला की धाकट्याला बाबांची आठवण झाली.

"हे काय आणलंस?"

"मोठा."

"हा मोठा आहे?"

"मग काय छोटा आहे?"

दादाने पाण्यात हात घातला आणि तळातून जळका पंप उपसून त्याच्या नाकासमोर धरला. मुठीएवढा.

"हा मोठा! बाबांनी पहिल्यांदा बसवला तो हा. मग दुसरा आणला, याच्या दुप्पट. बाबाच म्हणाले, हा धाकटा, नुसता अंगाने वाढलाय. तेव्हापासून हा मोठा आणि तो धाकटा! सगळं बंदर असंच म्हणतं!"

"मला कोणी सांगितलं?"

"सांगायला तू इथे होतास कुठे?"

छोटा पंप काउंटरवर त्याच्या हाताशी होता. दुकानदार तो परत घ्यायच्या बोलीवर द्यायला तयार होता. आणि आपण जन्मात पहिल्यांदा दादाचं ऐकायचं म्हणून तो तिथेच ठेवून आलो! त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. त्याने दुकानाला फोन लावला. कोणी उचलला नाही.

दादाने तरी पंप खाली घालून बघितला. बोटीच्या तळाच्या दोन आडव्या फासळ्यांमधली, जळका पंप होता ती खोल जागा जेमतेम वीतभर रुंद. पंप उभा जाईना, आडवा जाईना. दादाने त्यावर एक बुक्की मारली, मग बादली उचलली. दोनच बादल्या, आणि तो भिंतीला टेकून छाती चोळायला लागला. पाणी लगेच दोन बोटं चढलं.

"धाकटा कुठे बसवला होता?" धाकट्याने विचारलं.

"वर. त्या फासळीवर. फार पाणी झालं तरच चालायचा."

धाकटा पालथा पडला आणि हात लांब करून त्याने चाचपलं. फासळीवर स्क्रूची चार भोकं होती. वर वायरची दोन टोकं टेप गुंडाळून ठेवलेली, आणि भिंतीला जाड पाइप तसाच.

"पंप काय झाला?"

दादाने पुन्हा बादलीकडे हात नेला.

"दादा, पंप काय झाला?"

"मी काढला. बाबांना पोचवून आलो आणि तू त्याच संध्याकाळी निघून गेलास. दुसऱ्या दिवशी मी तो काढला आणि फेकून दिला पाण्यात. चांगला चालू होता." दादाने ओल्या बाहीने तोंड पुसलं. "तो असता तर आज ही वेळच आली नसती."

धाकट्याला राग यायला हवा होता. आला नाही, कारण दादाचे ओठ आणखी निळे झाले होते. त्याने खिशातला चाकू काढून वायरची टोकं सोलली, स्क्रूड्रायव्हर मागितला आणि पालथ्या पालथ्याच पंप फासळीवर बसवला. भोकांना भोकं जुळली. पाइप गच्च बसला. वायर जोडून त्याने वर सीटखाली असलेल्या बॅटरीचा खटका दाबला.

"आता बादली ठेव. पाणी पंपापर्यंत चढू दे."

"वेडा झालास? पाणी तिथवर चढलं तर इंजिन बुडेल. बाबांचं इंजिन आहे ते."

"बुडू दे."

"तुझ्या बापाचं—" दादा थांबला. बाप एकच होता.

"आपल्या बापाचं आहे आणि बुडू दे. तू गेलास तर ते कोण चालवणार? मी?"

दादाने पुन्हा बादली बुडवली. तेव्हा धाकट्याने त्याचं मनगट धरलं, दुसरा हात काखेत घातला आणि अख्ख्या माणसाला भोकातून वर ओढलं. दादा लाथा झाडत होता, शिव्या देत होता. वर आल्यावर त्यात काही जोर उरला नाही. धाकट्याने त्याला छातीशी घट्ट धरून ठेवलं.

दोघं खाली बघत बसले. बादली थांबल्यावर पाणी किती भराभर चढतं! इंजिनाचा स्टार्टर पाण्याखाली गेला. दादाच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. पाणी फासळीला लागलं, पंपाच्या बुडाला लागलं, मध्यावर आलं. पंप गप्प. बोट एका अंगाला कलली आणि दोर करकरला.

"नाही चालत," दादा म्हणाला. "गेली रे. गेली बोट."

"थांब."

"गेली—"

"थांब ना रे, दादा!" धाकटा रडतच होता.

पाण्यावर पंपाचा फ्लोट, पाण्याने उचलला की पंप चालू करणारा तो तरंगता खटका, हलला. उचलला गेला. खाली काहीतरी घरघरलं, आणि बाहेरच्या बाजूला मनगटाएवढी धार धो धो पडायला लागली. चढणारं पाणी थांबलं. मग त्या फासळीवरून बोटभर खाली उतरलं आणि तिथेच राहिलं. इंजिन अर्धं पाण्यात होतं आणि तसंच राहणार होतं. बोट तरंगत होती.

धाकट्याने दादाच्या मनगटावर बोटं ठेवली. ठोके वेडेवाकडे होते, पण होते. डॉक्टरकडे न्यायचं म्हणून तो त्याला उठवायला लागला, इतक्यात त्याच्या खिशात वहिनीचा फोन वाजला. दादानेच हात घालून तो काढला आणि कानाला लावला.

"अहो, भावोजी, काय झालं तिकडे? पंप जळलाय एवढंच सांगून यांनी फोन ठेवला. मिळाला का नवा?" तिचा आवाज बाहेरपर्यंत येत होता.

दादाने धाकट्याच्या खांद्याला डोकं टेकलं.

"मोठा मागवला होता गं," तो म्हणाला. "धाकटा आला."