पुठ्ठ्यामागचा वीस

मित्रांनो, मी एक जुना फासा आहे. निळा, वीस बाजूंचा, कडा झिजलेला. एका व्हिडिओ गेमच्या कंपनीत, मेजावरच्या पत्र्याच्या डबीत माझा मुक्काम असतो.

पूर्वी एक ताई आणि तिचा धाकटा भाऊ जेवणाच्या टेबलावर राक्षसांशी लढण्याचा खेळ खेळत. भाऊ तिरंदाज होई; राक्षस, जंगल, वादळ हे सगळं ताईकडे. भावाला दिसू नये म्हणून ती मला उभ्या पुठ्ठ्यामागे टाकी आणि आकडा सांगे. मोठा आला की बाण लागे, लहान आला की हुके. तिरंदाज मरायला टेकला की माझ्यावर तीन असला तरी ती बेधडक ओरडे, "वीस! लागला बाण!" भाऊ आनंदानं उड्या मारी. मी मूग गिळून गप्प बसे.

मोठेपणी भाऊ त्याच खेळाचा व्हिडिओ गेम करू लागला. कुणाचा वार किती वेळा लागावा, हे ठरवणं त्याचं काम. ताई तेव्हा अंथरुणाला खिळली होती.

"कॉम्प्युटरचं नशीब नको, तुझ्या हातचं दे," तो म्हणाला.

तिनं मला पाच हजार वेळा टाकलं आणि सगळे आकडे वहीत लिहिले. ते त्याच क्रमानं गेममध्ये गेले; दर वाराला पुढचा आकडा, यादी संपली की पुन्हा पहिल्यापासून. गेम पुरा होण्याआधी ताई गेली. मला भावाच्या ऑफिसातल्या मेजावर डबीत बंद करून सगळे विसरले. खरं सांगतो, फार वाईट वाटलं.

मग एका दुपारी मी बंद डबीत उलटलो. पुन्हा उलटलो. मला एक तळहात लागत होता, चांगला ओळखीचा.

बाहेर गेम तपासणारी मुलगी भावाला म्हणत होती, "दादा, ताईंची यादी मंगळवारीच संपली. तरी नवे आकडे येतायत."

"पहिल्यापासून सुरू झाली असेल."

"नाही ना, जुळवून पाहिलं मी. आणि आम्ही खेळलो की सगळं ठीक. तुम्ही मात्र हरतच नाही. साहेब म्हणाले, आज हे सुधारा, नाहीतर ते आकडे काढून टाका."

ताईचं तेवढंच काय ते उरलं होतं. भाऊ एकटाच खेळायला बसला. वीस आला तरच बाण लागणार होता. मी डबीत उलटलो, तीन आला.

"वीस," त्यानं पडद्यावरचा आकडा वाचला.

मग माझ्यावर सात आला.

"वीस."

मग एक.

"वीस." पुठ्ठ्यामागे काय चालायचं, ते त्याला इतक्या वर्षांनी कळलं.

"ताई, पुरे गं," तो हळूच म्हणाला. "एकदा मला हरू दे."

मग मी उलटलो. या खेपेला माझ्यावर खराखुरा वीस आला.

"दोन," त्यानं वाचलं. तिरंदाज कोसळला, आणि भाऊ टेबलावर डोकं ठेवून रडला.

दुसऱ्या दिवशी यादी नियमाप्रमाणे पहिल्या आकड्यापासून सुरू झाली. आकडे राहिले, गेम गाजला. तो तळहात पुन्हा आला नाही.

मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. तुमच्यासाठी कुणी खोटा वीस सांगत असेल, तर ते माणूस समोर बसलेलं असतानाच एकदा पुठ्ठ्यामागे डोकावून बघा.