बिनरमचा गोठा

गोठा उभा करायच्या दिवशी सकाळी सात वाजता हुल्डा पर्किसच्या अंगणात अठ्ठेचाळीस माणसं जमली, आणि सव्वासातला सगळ्यांना कळलं की रम नाही.

हुल्डाने ते लपवलं नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी प्रार्थनाघराच्या पायरीवर उभं राहून तिने सगळ्यांना सांगितलं होतं, मी संयम मंडळीची शपथ घेतली आहे, माझ्या गोठ्यावर दारू मिळणार नाही. पण लोकांना वाटलं, बाई म्हणते आहे, आयत्या वेळी बादली निघेलच. अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या त्या खोऱ्यात आजवर रमच्या बादलीशिवाय घराचा किंवा गोठ्याचा एक लाकडी सांगाडा उभा राहिला नव्हता. धर्मगुरूंचं घर उभारलं तेव्हाही दोन बादल्या संपल्या होत्या, आणि त्यातली एक खुद्द धर्मगुरूंनी भरून आणली होती.

मोझेस टटलने झाडाखालच्या पिंपात पळी बुडवली, घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"मावशी, हे काय?"

"पाणी. काकवी, आलं आणि सफरचंदाचा शिरका घातलाय."

"हे तर आम्ही गवत कापताना पितो."

"मग आज गोठा उभारताना प्या."

माणसं हसली. हुल्डा हसली नाही. गेल्या ऑगस्टात वीज पडून तिचा जुना गोठा जळला होता. हिवाळाभर तिच्या अकरा गाई तीन शेजाऱ्यांकडे वाटून राहिल्या. यंदाचं गवत पंधरा दिवसांत कापणीला येणार होतं. ते ठेवायला छप्पर नसेल तर गाई विकाव्या लागल्या असत्या, आणि गाई गेल्यावर त्या उतारावर एकट्या बाईने करायचं तरी काय? सांगाडा आज उभा राहायलाच हवा होता.

आसाहेल व्हिचर सुताराने सबंध हिवाळा खपून लाकूड तासलं होतं. दोन खांब, त्यांच्या डोक्यावर आडवी तुळई, अशा चार चौकटी खुंट्या ठोकून जोत्यावर आडव्या मांडल्या होत्या. एकेक चौकट सगळ्यांनी मिळून हातांनी वर करायची, मग लोखंडी टोकाच्या लांब काठ्यांनी ढकलत उभी करायची, म्हणजे खांब खाली खाचेत बसतात. एका चौकटीला चाळीस माणसं लागत.

तेवढ्यात रस्त्यावर एक घोडागाडी थांबली. कॅप्टन ओरिन बॅचेल्डर खाली उतरले. त्यांचा गावात गुत्ता होता, आणि सप्टेंबरात ते विधानसभेच्या निवडणुकीला उभे राहणार होते. तिथे जमीन असो नसो, प्रत्येक पुरुषाला मत होतं. त्यामुळे कॅप्टनसाहेबांचं प्रत्येकाच्या घशाकडे लक्ष असे. गाडीत रमचं पिंप होतं.

"हुल्डाबाई, माझ्याकडून भेट समजा. माणसांचे हाल कशाला?"

"पिंप कुंपणाच्या आत आणायचं नाही, कॅप्टनसाहेब."

"मग मी रस्त्यावर थांबतो. रस्ता काही तुमचा नाही, सरकारचा आहे."

"थांबा की."

एक एक करत सतरा जण कुंपणाच्या दगडी भिंतीकडे गेले आणि तिच्यावर बसले. मोझेस टटल त्यांत पहिला. कॅप्टन पिंपाला तोटी ठोकू लागले.

आसाहेल हुल्डाजवळ आला. हळू बोलला, पण माणसं इतकी गप्प होती की सगळ्यांना ऐकू गेलं.

"मावशी, एकतीस उरले. चौकट मध्येच अडली तर खाली कुणीतरी मरेल. माझं ऐका, एकेक पळी देऊन टाका. आजच्या दिवस."

सगळे तिच्याकडे बघत होते. हुल्डाने ओले हात एप्रनला पुसले.

"नऊ वर्षांपूर्वी माझा नवरा सायलस प्रार्थनाघराच्या डीकनच्या गोठ्याच्या आढ्यावरून पडला," ती म्हणाली. "तुम्ही सगळे म्हणालात, वाऱ्याने गेला. मीही तेच म्हणाले. थडग्याच्या दगडावरही तेच कोरून घेतलं. त्या दिवशी वारा नव्हता. झाडाचं पान हलत नव्हतं. आढ्यावर खाली डोकं वर पाय करून दाखवायला गेला, आणि पोटात चार पळ्या होत्या."

आसाहेलने टोपी काढली.

"पाच," तो म्हणाला. "पाचवी काठीला बांधून मी वर दिली होती."

"माहीत आहे मला. मी खालीच उभी होते."

आसाहेलने टोपी डोक्यावर घट्ट बसवली आणि माणसांकडे वळला. "एकतीस तर एकतीस. उंच माणसं मधे या. माझ्या आवाजाशिवाय कुणी बोटसुद्धा हलवायचं नाही. धरा. सगळे... हो!"

चौकट गुडघ्याला आली. "हो!" छातीला आली. "हो!" डोक्यावर गेली आणि काठ्या लागल्या. आणखी दोनदा आवाज झाला, आणि चौकट अडली. वर जाईना, खाली घेता येईना. काठ्या वाकायला लागल्या. एकाचा पाय चिखलात सरकला. आसाहेलचा आवाज बदलला नाही, "धरून ठेवा, पोरांनो, धरून ठेवा," पण हुल्डाने त्याची मान बघितली. शिरा दोरीसारख्या फुगल्या होत्या. ती धावली आणि एका काठीला खांदा लावून उभी राहिली.

त्या खोऱ्यातली माणसं भांडत, बांधाच्या दगडासाठी कोर्टात जात, दहा-दहा वर्षं बोलत नसत. पण चौकट हवेत लटकलेली असताना बसून राहिलेला माणूस तिथे कुणी पाहिलेला नव्हता. मोझेसच्या हातातला पेला अजून रिकामा होता. तो त्याने फेकला आणि भिंतीवरून उडी मारली. त्याच्यामागे सोळाही आले. आणि त्यांच्यामागे कॅप्टन बॅचेल्डर, निळा कोट अंगात, हॅट वाटेत पडलेली.

"हो!"

चौकट वर गेली, सरळ झाली, आणि दोन्ही खांब खाचेत असे बसले की पायाखालची जमीन हलली.

सगळे नुसते धापा टाकत होते. मग मोझेसने रस्त्याकडे बोट केलं. घाईत तोटी उघडीच राहिली होती. गाडीच्या फळ्यांमधून रम धुळीत गळत होती आणि कॅप्टनसाहेब काठी धरून उभे होते, सोडता येत नव्हती.

"बघा कॅप्टनसाहेब," मोझेस म्हणाला, "सरकार पितंय."

हशा पिकला, पण काठी कुणी सोडली नाही. चौकटीला लाकडी टेकू दिले, मग सगळे मोकळे झाले. पिंप बंद करायला कुणी गेलं नाही, कॅप्टनही नाहीत. कोट काढून त्यांनी भिंतीवर टाकला.

"हुल्डाबाई, हे लक्षात ठेवा मात्र."

"ठेवीन. पण बाईमाणसाला कुठे मत आहे?"

"तुमचं नाही हो. पण ही अठ्ठेचाळीस मतं आहेत ना."

उरलेल्या तीन चौकटी आसाहेलने एकामागून एक उभ्या केल्या. त्याने आयुष्यात बेचाळीस सांगाडे उभारले होते, पण हाक दिली की एकाच वेळी सगळे हात हलतात, असं त्याने कधी पाहिलं नव्हतं. एरवी दुपारनंतर निम्मे लोक पुढच्या हाकेला मागच्या हाकेचं काम करत. आज दोन वाजता आढं चढलं, वासे लागले. बायांनी बीन्सच्या हंड्या, काळी भाकरी आणि चीज मांडलं. माणसं जेवली आणि मग तशीच बसून राहिली.

"आता काय करायचं?" कुणीतरी विचारलं. "एरवी या वेळी आपण आडवे झालेले असतो."

सूर्य अजून बराच वर होता. शेवटी आसाहेल उठला आणि फळ्यांच्या ढिगाकडे गेला, आणि बाकीचे त्याच्या मागे. दिवस मावळेपर्यंत छपराची पूर्वेकडची बाजू फळ्या ठोकून तयार झाली. एकालाही खरचटलं नव्हतं. सगळे आपापल्या पायांनी घरी गेले.

त्यानंतर शेजारच्या खोऱ्यातून माणसं येत आणि विचारत, खरंच कोरड्या घशाने उभारला का? तिथला प्रत्येक जण सांगे, हो, मी होतो, त्या पहिल्या एकतिसांत होतो. वर्षं गेली तसे ते एकतीस साठाच्या वर गेले, आणि भिंतीवर कुणी बसलंच नव्हतं असं झालं. मोझेस टटल तर पहिल्या चौकटीचा मधला माणूस झाला.

कुणी हुल्डाला विचारलं तर ती दूध काढता काढता मान वर न करता सांगे, "कॅप्टन धरून एकोणपन्नास होते. सगळ्यांनी उचलला."