पुकुच्या पोटातलं कोमट पाणी

साहेब, तुम्ही सुरक्षा तपासायला आलात, माझी ठिगळं मोजलीत आणि मला मारायचा कागद लिहिलात. एकेचाळीस ठिगळं. मोजणी बरोबर आहे. पण त्यातल्या एका तरी ठिगळातून हवा जाते का, हे तुम्ही पाहिलं नाहीत. टेकडीवर तर तुम्ही चढलाच नाहीत. गाडीतून उतरलात, बुटांना चिखल लागेल म्हणून शेडच्या दारातच उभे राहून मला फिरवून घेतलंत आणि सहा मिनिटांत निघून गेलात. शेडमधलं घड्याळ माझ्या समोरच आहे.

मित्रांनो, पोटातला राग आधी बाहेर काढला. आता नीट सांगतो. मी चेंडू आहे, जुना, आणि एखाद्या खोलीएवढा मोठा. माझ्या आत आणखी एक चेंडू आहे. दोघांच्या मध्ये हवा आणि दोघांना धरून ठेवणाऱ्या शेकडो दोऱ्या. माणसं एका भोकातून सूर मारून माझ्या आत शिरतात. आत दोन-तीन बादल्या कोमट पाणी असतं. मग मी त्यांना घेऊन टेकडीवरून गडगडत खाली जातो. माणसं पाण्यावर घसरत राहतात, मी फिरत राहतो. चौदा वर्षं मी हेच काम केलं.

टेकडी रोटोरुआ गावाच्या बाहेर आहे. इथे जमिनीतूनच वाफ निघते आणि हवेला गंधकाचा वास असतो. पाहुणे नाक मुरडतात, गावकऱ्यांना तो वास कळतही नाही. इथले चेंडू सांभाळणाऱ्या तिपेनेने मला पहिल्यांदा फुगवलं तो दिवस मला आठवतो. त्याने पंप बंद केला आणि कपाळ आणि नाक माझ्या कातडीला हलकेच टेकवलं. इथली माणसं एकमेकांना भेटली की असंच करतात, श्वास वाटून घेतात. मग त्याने मला एक थाप मारली.

"काय पोट सुटलंय रे तुझं! पुकुच आहेस तू."

पुकु म्हणजे त्यांच्या भाषेत पोट. तेच माझं नाव पडलं.

गडगडताना मला डुलकी लागल्यासारखं व्हायचं. आकाश खाली जायचं, गवत वर यायचं, परत आकाश. मेंढ्या ढगांत चरायच्या आणि ढग कुंपणापाशी उभे राहायचे. माझ्या आतून जग दुधातून पाहिल्यासारखं दिसतं. आतली माणसं ओरडायची, पण तो ओरडा मला झोपेत कुणी हाक मारावी तसा लांबून ऐकू यायचा. खाली पोचलो की ती पाण्याबरोबर पाय पुढे करून बाहेर घसरायची आणि गवतावर बसून नव्याने जन्मल्यासारखी इकडेतिकडे बघायची.

एकटी माणसं आत शिरताना गप्प असतात आणि बाहेर आल्यावर बोलत सुटतात. मैत्रिणी बडबडत शिरतात आणि बाहेर आल्यावर हसून हसून त्यांना बोलताच येत नाही.

हूरिया आणि मेरेआना अशाच होत्या. एका शाळेच्या स्वयंपाकघरात दोघींनी तीस वर्षं मुलांना जेवू घातलं होतं. दर जुलैत, म्हणजे इथल्या ऐन थंडीत, हूरियाच्या वाढदिवसाला दोघी यायच्या.

"तिपेने, पाणी चांगलं गरम टाक रे! मागच्या वर्षी गारठून पाक कोंबडी झाली होती आमची."

"जास्त गरम टाकलं तर रस्सा होईल, आंटी."

"होऊ दे की! मीठसुद्धा घालायला नको. ही मेरेआना आहे ना, आधीच खारट."

"आणि तू कोण गं? कढईएवढी तर आहेस. तिपेने, हिला आधी ढकल, म्हणजे मला पडायला गादी होईल."

पुढे नवे चकचकीत चेंडू आले. पाहुण्यांना तेच आवडायचे, फोटोत छान दिसायचे. मी शेडमध्ये पडून राहू लागलो. पण दर जुलैत हूरिया शेडच्या दारात येऊन ओरडायची, "नवे नकोत आम्हाला. त्यांना पोट कुठाय?" तेवढ्यासाठी तिपेने मला वर्षभर नीट ठेवायचा.

मग एका जुलैत दोघी आल्याच नाहीत. हूरिया गेली होती.

त्याच्या पुढच्या जुलैत मेरेआना आली, काळ्या कपड्यांत. बरोबर तिची चुलत बहीण पारे, गाडी चालवायला. आदल्याच दिवशी, साहेब, तुम्ही येऊन गेला होतात, आणि त्या सकाळी तुमचा कागद आला होता. उद्यापासून पुकु बंद. नंतर कापून टाका.

तिपेने चहा घेऊन आला. पारेने तळलेल्या पावाचा डबा उघडून मेरेआनापुढे धरला आणि झटकन मागे घेतला.

"थांब. हात धुतलेस का तू?"

मेरेआना आपल्या हातांकडे बघत राहिली. त्या सकाळी, वर्षभराने करायची इथली रीत म्हणून, हूरियाच्या थडग्यावरच्या दगडाचं कापड काढलं होतं. कबरस्तानातून निघताना फाटकाजवळच्या नळावर हात धुवायचे, पाणी शिंपडायचं, मगच जिवंत माणसांत यायचं. ते केल्याशिवाय इथे कुणी घास तोंडात घालत नाही, कुणाला जवळ घेत नाही. मेरेआना मागच्या बाजूने निघून आली होती.

"अगं, म्हणून तू जेवायला थांबली नाहीस?" पारे म्हणाली. "हूरियाची मुलं तुला शोधत होती. एवढी कशी विसरलीस?"

"विसरले नाही. त्या नळावर हूरिया दर वेळी मला भिजवायची. कुणाच्या का मयताला गेलो असेना, ओंजळभर पाणी माझ्या तोंडावर! आज नळापाशी गेले आणि... कोण भिजवणार मला?"

"मग इथे धू. तो बघ नळ."

"तसं नाही होत गं, पारे." मेरेआना माझ्याकडे बघत म्हणाली. "मी अजून तिकडेच आहे. मला पुकुत जायचंय."

"एकटी? सत्तरी उलटली तुझी!"

तिपेनेच्या हातात तुमचा कागद होता. "आंटी, नवा चेंडू देतो. यात काही झालं तर माझी नोकरी जाईल, ते सोड, पण तुला काही झालं तर?"

"नव्या चेंडूत हूरिया कधी बसली होती का रे?"

तिपेनेने बादलीत साबण कालवला आणि तो गुडघ्यावर बसला. एकेका ठिगळावर त्याने फेसाचा हात फिरवला. हवा जात असेल तर तिथे बुडबुडा येतो. तो मला थोडा थोडा फिरवत होता आणि पुटपुटत मोजत होता. एकेचाळीस ठिगळं झाली. एकही बुडबुडा आला नाही.

मग त्याने झऱ्याचं कोमट पाणी आणलं आणि माझ्यात ओतण्याआधी त्यावर प्रार्थना म्हटली. पारे डोळे मिटून उभी राहिली. तिला खालीच ठेवून आम्ही वर गेलो, आणि टेकडीच्या माथ्यावर मेरेआनाने सूर मारला.

पहिल्या दोन गिरक्यांना ती गप्प होती. मी इतका हलका कधीच नव्हतो. मला वाटलं, मी टेकडी सोडून वाफेवरच तरंगतोय. तिसऱ्या गिरकीला तिचा पाय सुटला आणि ओंजळभर पाणी तिच्या तोंडावर फटकन बसलं.

"ए, हूरिया! पुरे की गं!"

मग ती हसली. हसता हसता रडायला लागली. तिचं पाणी माझ्या पाण्यात मिसळलं आणि मी ते खालपर्यंत अलगद नेलं. त्या दिवशी मला टेकडी संपायलाच नको होती.

गवतावर घसरून आल्यावर ती उठली आणि ओल्या कपड्यांनिशी पारेला घट्ट मिठी मारली.

"भिजवलंस ना मला, बये!" पारे ओरडली.

"मग? आता मीच भिजवणार सगळ्यांना. तो डबा इकडे आण. का सगळा पाव तूच संपवलास?"

जाताना ती तिपेनेला म्हणाली, "पुढच्या जुलैत येते. पुकुला ठेव." तो म्हणाला, "ठेवतो, आंटी."

मित्रांनो, त्याने शब्द दिला. तुम्हाला त्याने तीन पत्रं लिहिली, साहेब. 'या, साबणाचं पाणी लावून तुमच्यासमोर दाखवतो,' एवढंच लिहिलं. तुमचं उत्तर आलं नाही. नवा कागद तेवढा आला. शुक्रवारी कापा. मी शेडमध्ये हवा काढून, घडी घालून पडलो आहे. सुरी खिळ्याला टांगली आहे. जुलै दोन आठवड्यांवर आला आहे.

मित्रांनो, ठिगळ दिसलं की नाक मुरडू नका. तिथे कुणीतरी गुडघे टेकून बसलं होतं, म्हणून ती वस्तू आज तुमच्यापर्यंत आली.

आणि साहेब, तुम्ही. शुक्रवारच्या आत या. बूट चिखलात घाला, तिपेनेला मला फुगवू द्या, माझ्या कातडीला एकदा नाक टेकवा. यायचं नसेल तर मग जुलैत या. मेरेआना दारात उभी राहून विचारेल, "पुकु कुठाय?" तिपेनेने खाली मान घालायची नाही. तिच्याकडे बघून तुम्ही सांगायचं. काय सांगाल? लिहून कळवा.