डुकराच्या दिवसांत सेव्हिया

लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून पोरांनी आम्हा दोघांना सेव्हियाला पाठवलं. दोन रात्री हॉटेल, खाणं, नाच, सगळं त्यांच्याकडून. लग्न जूनमधलं, भेट डिसेंबरात. तिथंच मला कळायला हवं होतं. पण माणूस मानाला भुलतं. शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात मी दारात उभी राहून सांगितलं, की आमची पोरं आम्हाला शहर दाखवतायत.

शहर! रस्तोरस्ती संत्र्याची झाडं आणि एकही फळ तोंडात घालण्याजोगं नाही. कडू जहर. जशी माणसं तशी झाडं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका हॉटेलात जेवायला बसवलं. आधी आला गझपाचो, बोटभर पेल्यात. थंडगार टोमॅटोचं ते सार आम्ही ऑगस्टात पितो, शेतात उन्हानं जीव जायला लागला की, वाडगं तोंडाला लावून. हे लोक ते डिसेंबरात देतात, वर पुदिन्याचं पान खोचून. मग काळ्या पाटीवर हॅमचे पापुद्रे. वाढपी वाकून म्हणाला, "सेन्योरा, हे डुक्कर डोंगरातलं. ओकची फळं खाऊन वाढलेलं."

"हो का?" मी म्हटलं. "मग आमच्याच आळीतलं असेल. नाव काय त्याचं?"

म्हाताऱ्यानं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. "कासिल्दा, खा गप. छान आहे."

आमचा फर्मीन असा. पुढ्यात काहीही ठेवा, छानच. त्यानं तो बोटभर गझपाचो आणखी एक मागितला. पन्नास वर्षं मी या जिभेसाठी रांधत आले!

संध्याकाळी नाच. खुर्च्यांच्या रांगा, त्यांत परदेशी लोक, प्रत्येकाच्या हातात तिकिटाबरोबरच मिळालेला वाइनचा पेला. लाल झग्यातली पोरगी पाय आपटत होती. पायात दम होता, नाही म्हणत नाही, पण डोळा सगळा घड्याळावर, कारण बाहेर पुढची गिऱ्हाइकं ताटकळत होती. लोक वाटेल तिथं टाळ्या पिटत होते आणि सगळ्यांत जोरात आमचा म्हातारा.

"अरे, लाज बाळग," मी म्हटलं. "गाणारा श्वास घेतोय आणि तू टाळ्या काय वाजवतोस?"

"मजा करायला आलोय ना, बाई?"

बाहेर पडलो तर उत्तरेचा वारा सुटलेला. कोरडा, कानाला चावणारा. दोन दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटलं. "फर्मीन, वारा आला बघ. मांस वाळायला हाच हवा. घरी गेलो की शनिवारी डुक्कर मारू."

तो वर झाडाकडं बघायला लागला.

"काय बघतोस? सोनं लागलंय का त्याला? बोल."

"आज सकाळीच मारलं," तो पुटपुटला. "आपल्या लिआंद्रोनं, पोरानं. उद्या मसाला. सूनबाई म्हणाली, आईंना जरा विश्रांती."

विश्रांती! आमच्या गावात डुक्कर पुरुष मारतात, पण वर्षभराच्या चोरिसोला, म्हणजे आतड्यांत भरून वाळवायच्या मांसाला, मसाला घालते ती घरातली एकच बाई. मीठ, लाल तिखट, लसूण, सगळं हाताच्या अंदाजानं. तिचा हात काथवटीत, तोवर घर तिचं. माझ्या सासूचा हात लकव्यानं गेला तेव्हा कुठं माझा हात काथवटीत पडला. आणि मला मात्र नाचगाणं दाखवून बाहेर काढलं होतं.

पहाटे मी पेटी उचलली. म्हातारा म्हणाला, "न्याहारी तरी करू, फुकट आहे गं." मी "तू कर" म्हणून चालायला लागले, तशी तो दोन्ही खिशांत पाव कोंबून मागून धावत आला.

घरी पोचले तेव्हा अंगणात सगळ्या शेजारणी जमलेल्या. माझी सून नीव्हेस कोपरापर्यंत लाल, हात काथवटीत. मसाला घातलेलं मांस भरायच्या आधी थोडं परतून चाखतात. ते तव्यावर चुरचुरत होतं.

"आलात, आई?" ती दचकली, पण हात बाहेर काढला नाही. "कशी झाली सहल?"

"झाली. आण इकडं."

मी चाखलं. सगळ्यांचे डोळे माझ्या जबड्यावर. मीठ बेतात, तिखट बेतात, लसूण मी घालते तेवढाच. एवढं सगळं शिकली भवानी! आणि मी समजत होते, ही इतकी वर्षं कोपऱ्यात बसून नुसता लसूण सोलतेय.

"मीठ कमी आहे," मी म्हणाले.

नीव्हेसनं एक तुकडा स्वतः तोंडात टाकला, सावकाश चावला.

"नाही, आई. बरोबर आहे. भरा गं बायांनो."

आणि त्या भरायला लागल्या! माझी भुवई वर गेली की ज्यांचे हात थांबायचे, त्याच बायका. शेजारची एउलालिया मोठ्यानं म्हणाली, "अगदी कासिल्दाच्या हातची चव!" मूर्ख बाई. तिला वाटलं, माझं कौतुक केलं. आणि आमचा म्हातारा? तो तव्यापाशी दुसऱ्यांदा ताटली घेऊन उभा, माझ्याकडं पाठ करून.

मी शहरात नेलेला कोट उतरवला, बाह्या वर केल्या आणि आतडी धुवायच्या टोपापाशी जाऊन बसले. ते काम नव्या सुनांचं. तिथली पोरगी लगबगीनं उठली. "राहू द्या, मावशी, मी धुते ना."

"बाजूला हो," मी म्हटलं. "वास बघ त्या पाण्याला! आणि निघाल्यात चोरिसो करायला!"